गाडी जुनी कधी होते?

चांगली चालत असलेली गाडी विकून तिच्याच नव्या पिढीची गाडी घेणे, यात बरेवाईट असे काही आहे काय? हा प्रश्न मंडळीतील तरुणांपुढे ठेवला, तर दोन उत्तरे ताबडतोब मिळतात. एक उत्तर बाजूला बसलेल्या वडीलधाऱ्यांचे: ही निव्वळ चैन होय, आणि चैन म्हणजे पाप. दुसरे उत्तर तरुणांचे: पैसा त्याचा, घाम त्याचा, हप्ते तोच भरणार, इतरांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण नाही. दोन्ही उत्तरे इतक्या चटकन येतात की, त्यांच्यामागे विचार झाला असेल असे वाटत नाही. शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्यांपुढे असले प्रश्न वरचेवर येतात, म्हणून हा विषय थोडा सावकाश उलगडून पाहू.

प्रश्न साध्या गाडीचा नाही, उघड्या टपाच्या गाडीचा आहे. म्हणजे जी घेताना गरजेचे नाव सहजासहजी घेता येत नाही, अशा गाडीचा. सिल्वासाला ही गाडी अनोळखी राहिलेली नाही. खानवेल आणि दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्याने शनिवार-रविवारी मुंबईच्या, सुरतेच्या, नाशिककडच्या गाड्या जातात, त्यांत हूड मागे टाकलेल्या गाड्या असतात, आणि रस्त्याच्या कडेने वारली व कोकणा समाजाची माणसे डोक्यावर मोळी घेऊन चालत असतात. आपल्याकडील कमावत्या मुलांनीही आता अशा गाड्या घेतल्या आहेत.

आधी 'पिढी' हा शब्द पाहू. माणसाची पिढी जन्माने ठरते. गाडीची पिढी कारखान्याच्या कागदावर ठरते. जपानच्या माझदा कंपनीची एम. एक्स.-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स कार आहे. ती आपल्याकडे विकली जात नाही, पण या जातीच्या गाड्यांत जगात सर्वांत जास्त खपलेली तीच. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. तिची पहिली पिढी १९८९ ची, दुसरी १९९८ ची, तिसरी २००५ ची आणि चौथी २०१५ ची. यात एक गंमत आहे. पहिली गाडी अगदी हलकी होती. पुढच्या पिढ्यांत सोयी वाढत गेल्या, तसे वजनही वाढत गेले. आणि चौथ्या पिढीच्या वेळी कारागिरांनी काय केले, तर तिसरीपेक्षा सुमारे शंभर किलो वजन उतरवले आणि गाडी पुन्हा पहिलीच्या जवळ नेऊन ठेवली. म्हणजे नवी पिढी ही प्रत्येक वेळी पुढचेच पाऊल असते असे नाही. कधी कधी ती मागे जाते, आणि त्या मागे जाण्याचेही पैसे पडतात.

आपल्या मुलखातील उदाहरण घ्यायचे तर नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार. स्पोर्ट्‌स कार म्हणून इंग्रज जिला ओळखतो ती ही नव्हे. ही जीपच्या घराण्यातली. परंतु कापडी हुडाची, मोकळ्या हवेची, गरजेपेक्षा हौसेने घेतली जाणारी गाडी म्हणून आपल्या तरुणांना जी माहीत आहे, ती हीच. तिची पहिली पिढी २०१० साली आली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बी. एस.-६ नियम लागू झाले व जुनी थार बंद झाली. २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे नेमकी गांधीजयंतीला (कंपनीने मुहूर्त कसा काढला देव जाणे), दुसरी पिढी बाजारात आली.

आता त्या दिवशी सकाळी काय झाले ते पाहा. आदल्या रात्री ज्याच्या दारात 'थार' उभी होती, त्याच्या दारात सकाळी 'जुनी थार' उभी होती. गाडीला कोणी हात लावला नव्हता. तिचे इंजिन तेच, चाके तीच, हुडाचे कापडही तेच. तिच्यातून काही गेले नव्हते. तरी मालकाच्या मनातून काहीतरी गेले. हे जे गेले, ते काय? माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची गाठ इथे आहे. यंत्र झिजले, गंजले, सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणजे ते जुने होते. हे जुनेपण वस्तूत असते. दुसरे जुनेपण वस्तूत नसून शेजारी उभ्या केलेल्या दुसऱ्या वस्तूत असते. पहिल्या जुनेपणावर मिस्त्री उपाय करतो. दुसऱ्यावर मिस्त्रीचा उपाय चालत नाही.

दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या घराबरोबर त्याचा बैल आणि गाढवही आले आहे, हे आपण मुलांना शिकवतो. बैल आणि गाढव ही त्या काळची वाहनेच होती. परंतु इथे एक अडचण आहे. आज्ञा शेजाऱ्याच्या मालकीच्या वस्तूविषयी आहे, आणि दुकानात उभी असलेली नवी गाडी कोणा शेजाऱ्याची नाही. ती ज्याला हवी त्याने पैसे मोजून न्यावी म्हणूनच उभी आहे. तेव्हा नवी गाडी हवीशी वाटणे म्हणजे लोभ, असे म्हणून त्या तरुणावर दहावी आज्ञा फेकणे हे आज्ञेचा अर्थ ताणणे होईल. शेजारी या व्यवहारात येतो खरा, पण दुसऱ्या दाराने येतो. त्याच्याकडे पुढे वळू.

जुन्या काळाचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही, हेही सांगून टाकतो. आमचे वडीलधारे म्हणतात, आमच्या वेळी एक गाडी जन्मभर पुरायची. पुरायची खरी. पण का? कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९६४ साली जे अंग घेऊन निघाली, तेच अंग पुढे पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत चालले. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलाच्या लग्नात सासऱ्याने नंबर दिला तर तो हुंडाच समजला जाई. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, तीही कापडी हुडाची, तीसहून अधिक वर्षे जवळजवळ त्याच रूपात विकली गेली. ज्याला मोह पाडणारे काही बाजारातच नाही, त्याच्या संयमाची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्‌स कार निघाली, रेनोचे छोटे इंजिन घालून. पण ती फारशी खपली नाही. त्यावरून त्या पिढीचे लोक विरक्त होते असा निष्कर्ष काढायचा काय? त्यांच्या खिशात पैसे नव्हते, इतकाच तो काढता येतो.

बरे, नव्या पिढीत खरोखर अधिक काय मिळते? पुष्कळदा दिवे, पडदे आणि गाणी मिळतात. पण नेहमी एवढेच नसते. २०१० च्या थारमध्ये मागे एकमेकांसमोर तोंड करून बसण्याची बाके होती, आणि अपघातात फुगून छातीचे रक्षण करणाऱ्या एअरबॅगा तिला नव्हत्या. नव्या पिढीत पुढे दोन एअरबॅगा आल्या, पुढे तोंड असलेली मागची आसने आली, पट्टे आले, लहान मुलाची खुर्ची पक्की बसवण्याची सोय आली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये ती आदळवून पाहिली, तेव्हा मोठ्यांच्या व मुलांच्या अशा दोन्ही रक्षणासाठी तिला पाचपैकी चार तारे मिळाले. धूरही कमी. तेव्हा ज्याच्या घरात दरम्यान दोन मुले झाली, त्याने ती बाके पाहून 'आता ही गाडी बदलावी' असे म्हटले, तर त्याला चैनी म्हणणारा माणूस विचार न करता बोलतो. मुलाच्या डोक्याला किंमत आहे.

परंतु हेच कारण एकदा उच्चारले की त्यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो कोणी विचारताना दिसत नाही. जुनी गाडी माझ्या मुलांसाठी पुरेशी सुरक्षित नाही, म्हणून मी ती विकतो. कोणाला? जो विकत घेतो, त्यालाही मुले असतात. जे आसन माझ्या मुलाला धोक्याचे, ते त्याच्या मुलाला कसे चालते? मी माझ्या घरातला धोका काढून टाकला असे मला वाटते. प्रत्यक्षात मी तो दुसऱ्याच्या घरी पोहोचवला, आणि वर पैसेही घेतले. शेजारी ज्या दाराने आत येतो म्हटले, ते हे दार.

यावर कोणी म्हणेल, मग काय गाडी जाळून टाकायची? नाही. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुनी गाडी घेणारा माणूस बहुधा नव्या गाडीवरून खाली उतरत नसतो, तो मोटारसायकलवरून वर चढत असतो. सिल्वासा ते नरोली रस्त्यावर कारखान्याची पाळी सुटते, त्या वेळी उभे राहून पाहा: पुढे टाकीवर एक मूल, मध्ये नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे मूल, आणि कंटेनरच्या दोन रांगांमधून वाट काढणे चालू. त्या कुटुंबाला चार चाकांची, लोखंडी अंगाची जुनी गाडी मिळाली, तर ती माझ्या मुलांसाठी अपुरी असली तरी त्यांच्यासाठी मोठी सुधारणा असेल. एकाच वस्तूचे विकणे एका घरासाठी धोका पुढे ढकलणे असू शकते आणि दुसऱ्या घरासाठी आधार असू शकते. फरक कशाने पडतो? माझ्या मते दोन गोष्टींनी. एक, घेणाऱ्याला खरे सांगितले काय. हुडाची शिवण कुठे उसवते, पावसात पाणी कोणत्या पायाशी जमते, ब्रेक कधी बदलले, एकदा दरीकडे घसरली होती तेव्हा पुढचा सांगाडा सरळ करून घेतला आहे, आणि हो, मागच्या बाकावर लहान मुलाला बसवू नका. दुसरी, किंमत त्या सत्याला धरून लावली काय. खरे सांगितले की किंमत उतरते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तर विकण्याच्या आठवड्यात गाडीला पॉलिश होते आणि जिभेला कुलूप लागते. गाडी बदलण्यात पाप आहे काय, असे विचारणाऱ्याला मी नव्या गाडीविषयी विचारणार नाही. जुनी विकताना काय सांगितलेस, ते विचारीन.

आता कराकडे वळतो, कारण सिल्वासात बसून गाडीविषयी लिहायचे आणि कराविषयी गप्प राहायचे, हे बरे दिसणार नाही. महाराष्ट्रात महागड्या गाडीवर रस्त्याचा कर भारी पडतो, केंद्रशासित प्रदेशांत तो पुष्कळ कमी राहिला. त्यामुळे ज्यांच्या मालकाने सिल्वासाची दमणगंगा एकदाही पाहिली नसेल, अशा गाड्याही आमच्याकडच्या डी. एन.-०९ या पाटीने मुंबईत फिरल्या. दमणच्या, पुदुच्चेरीच्या पाट्यांचेही तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे चाळिसावे कलम सांगते की, मालक जिथे राहतो वा धंदा करतो आणि गाडी जिथे सर्वसाधारणपणे ठेवली जाते, तिथे तिची नोंद व्हावी. आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नंबर घ्यावा. म्हणजे कमी कर भरणे हा गुन्हा नाही. जिथे राहत नाही तो पत्ता लिहून कमी कर भरणे हा खोटेपणा आहे. नवी गाडी घेताना 'सिल्वासाला कोणी ओळखीचे आहे का, पत्त्यापुरते?' असा फोन इथल्या अनेक घरी येतो. येतो तो बहुधा चांगल्या, देवभीरू नातेवाइकाचा, आणि त्यात काही चुकते आहे अशी शंकाही त्याच्या आवाजात नसते.

इथे कोणी आम्हा सिल्वासाकरांना उलट विचारील, आणि त्याने विचारावेच: तुमचे गावच करसवलतीवर उभे राहिले ना? खरे आहे. १९५४ साली पोर्तुगीज गेले तेव्हा हा जंगलाचा, शेतीचा, दारिद्र्याचा मुलूख होता. पिपरिया, मसाट, खडोली इथे जे कारखाने आले, ते आमच्या डोंगरांची शोभा पाहून आले नाहीत. विक्रीकर आणि आयकर यांतील सवलती पाहून आले. त्या यार्न कंपन्यांच्या पगारावर या गावातील किती घरे वर आली, आणि मंडळीच्या दानपेटीतही त्या पगाराचा वाटा आहे. तेव्हा सवलतीला मी तोंड वेंगाडू शकत नाही. पण कारखाना इथे खरोखर उभा होता. धूर इथे निघाला, माणसे इथे राबली, आणि म्हणून सरकारने कर सोडला. पाटीवरच्या गाडीने इथे काय ठेवले? एक पत्ता.

सवलतीचा आणखी एक गाजलेला दाखला मराठी घरातलाच आहे. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल फियाट कंपनीने त्यांना मायकेल शूमाखर यांच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. ती भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपये आयातशुल्क पडत होते. सरकारने २००३ साली ते माफ केले. यात कायदा कोणी मोडला नव्हता. माफी देण्याचा अधिकार सरकारला होता आणि खेळाडूचा मान देशाचा मान होता. तरीही लोकांना ते रुचले नाही, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. २०११ साली ती गाडी विकली गेली व आमच्या शेजारच्या सुरतेला एका व्यापाऱ्याकडे आली. मला त्या गोष्टीत मोलाचे वाटते ते हे की, ज्या लोकांनी सचिनवर जीव ओवाळून टाकला, त्यांनाच ती माफी खटकली. त्यांना गाडीचा हेवा नव्हता. गाडी त्यांनी आनंदाने बघितली असती. हौसेची वस्तू असली की तिचा कर तरी पुरता भरला जावा, एवढीच त्यांची समजूत होती, आणि ती समजूत मला निरोगी वाटते. मंदिराचा कर मागायला आलेल्यांपुढे प्रभूने आपण मोकळे आहोत हे शिष्याला समजावले, आणि मग कोणाला अडखळण न व्हावे म्हणून कर भरायला लावला, तो प्रसंग वाचकांना आठवेल.

याच्या उलट टोकाची गोष्ट १९ मे २०२४ ची. पुण्याच्या कल्याणीनगरात एक अल्पवयीन मुलगा चालवीत असलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडीची किंमत कोटीच्या पुढे. तिची कायमची नोंद मात्र झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरले नव्हते, असे परिवहन खात्याने सांगितले. यावर अधिक लिहीत नाही.

आता हौसेविषयी. उघड्या टपाची गाडी आमच्या हवेत वर्षातून किती दिवस उघडी ठेवता येते? जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की, हुडाच्या शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून माणूस देवाची करुणा भाकतो. एप्रिल-मे महिन्यांत टप उघडला तर डोके भाजते. कारखान्यांच्या रस्त्याला धूळ. उरले डिसेंबर-जानेवारीतले काही रविवार, पहाटे, खानवेलच्या पुढे. तेव्हा गरजेच्या दृष्टीने या वस्तूचे समर्थन करताच येत नाही. आणि म्हणूनच मला ती विचार करायला बरी वाटते. कारण आपल्यात एक वाईट सवय मुरली आहे. जे आवडते, ते 'आवडते' म्हणून आपण घेत नाही. 'लागते' म्हणून घेतो. 'रस्ते खराब आहेत, उंच गाडी लागते.' 'गिऱ्हाइकासमोर चांगली गाडी लागते.' घरी बायकोला एक कारण, बँकेला दुसरे, मंडळीतल्या वडिलांना तिसरे. सरकारनेही गरज आणि चैन यांच्यामध्ये रेघ ओढली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली व छोट्या इंजिनाची गाडी १८ टक्के करात बसते, बाकीच्या ४० टक्क्यांत. गंमत अशी की, एकाच थारचे छोटे डिझेल इंजिन घेतले तर ती या बाजूला, मोठे घेतले तर त्या बाजूला! रेघ सरकारला ओढावीच लागते, तिला दोष नाही. पण मनातली रेघ फूटपट्टीने आणि सी. सी. मोजून ओढता येत नाही.

जो तरुण सरळ म्हणतो, 'मला याची गरज नाही, मला वाऱ्यात गाडी चालवायला आवडते, आणि नव्या गाडीत ते अधिक चांगले जमते,' त्याच्याविषयी मला आदर वाटतो. हसणे, गाणे, पोहणे यांची तरी कोणती गरज असते? बेथानीच्या घरात महागडे सुगंधी तेल ओतले गेले, तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा जो होता, त्याच्या हाती पैशाची थैली होती आणि गरिबांची त्याला काळजी नव्हती, असे योहान लिहितो. दुसऱ्याच्या खर्चाची गरिबांशी बेरीज-वजाबाकी करणे आपल्याला फार सोपे जाते. तसेच करायचे तर चर्चच्या अंगणात बसवलेल्या नव्या संगमरवरी फरशीचीही बेरीज करावी लागेल. अर्थात ते तेल स्वतःसाठी ओतले नव्हते, हा फरक मी विसरलेलो नाही. गाडीवाल्याला त्या बाईच्या ओळीत नेऊन बसवण्याचा माझा इरादा नाही. टीकाकाराला मात्र त्या थैलीवाल्याची आठवण असावी.

आवडीचा एक हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा. दहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर दरमहा साधारण १६,३०० रुपये हप्ता पडतो आणि सात वर्षांत पावणेचार लाखांच्या घरात व्याज जाते. वस्तू आवडती असते ती किती दिवस? कोणी म्हणतो वर्ष, कोणी म्हणतो पहिला ओरखडा पडेपर्यंत. हौस संपते आणि हप्ता उरतो, त्या महिन्यांत खरी परीक्षा असते. तेव्हाच तिसरी पिढी येते, आणि दुकानदार म्हणतो, जुने कर्ज नव्यात मिळवून देऊ. रोख कमाईने बदलणारा आणि कर्जावर कर्ज चढवून बदलणारा, दोघांचीही गाडी रस्त्यावर सारखीच दिसते. पहिल्याच्या बाबतीत माझे म्हणणे वर सांगितले तेवढेच. दुसऱ्याला मी थांब म्हणेन, कारण त्याने पुढच्या सात वर्षांचे होकार-नकार आजच विकले आहेत. भावाच्या दुखण्याला, मुलीच्या फीला, मालकाने गैर काम सांगितले तर नोकरी सोडण्याला. नोकरी सोडण्याची मोकळीक ही ख्रिस्ती माणसाच्या सदसद्विवेकाला लागणारी वस्तू आहे, आणि ती गाडीपेक्षा महाग आहे.

आणि आपण, जे गाडी घेत नाही, आपले काय? उपासनेनंतर फाटकाशी कोणत्या गाडीभोवती घोळका जमतो, समितीच्या बैठकीत कोणाला पुढची खुर्ची मिळते, लग्नाच्या मिरवणुकीसाठी कोणाची गाडी मागितली जाते, हे मुले पाहतात. सोन्याची अंगठी घालून सभेत येणाऱ्याविषयी याकोबाने जे लिहिले, ते अंगठीवाल्याला उद्देशून नाही, त्याला जागा देणाऱ्यांना उद्देशून आहे. जुनी गाडी जुनी ठरवण्यात कंपनीचा जितका हात, तितकाच त्या घोळक्याचा. तरुणाने नवी आणली की पेढे मागायचे आणि पाठ फिरली की उधळ्या म्हणायचे, हा व्यवहार शब्बाथशाळेत शिकवावा लागत नाही.

शेवटी पुन्हा त्या विकलेल्या गाडीकडे येतो, कारण तिच्याविषयी एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पुष्कळांची समजूत असते की, किल्ली दिली, पैसे घेतले, म्हणजे गाडी आपली राहिली नाही. मालकी बदलल्याची सूचना फॉर्म २९ भरून विकणाऱ्याने द्यायची असते. गाडी त्याच राज्यात राहत असेल तर चौदा दिवसांत. फॉर्म ३० घेणाऱ्याकडून सही होऊन जायला हवा. दलालाजवळ कोऱ्या सह्या देऊन लोक निर्धास्त होतात, गाडी चार हात फिरते, आणि पुस्तकात नाव जुन्याच मालकाचे राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच प्रकरणात ठरवले की, नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई देण्यास तो बांधलेला. मध्ये गाडी किती जणांनी विकली याच्याशी जखमी माणसाला कर्तव्य नाही. तेव्हा ज्याने नव्या पिढीची गाडी आणली आहे, त्याने सोमवारी सकाळी तिचा टप उघडण्याआधी जुनीचे कागद कुठपर्यंत पोहोचले, याची आर. टी. ओ. कचेरीत जाऊन चौकशी करावी, आणि घेणाऱ्याच्या घरी फोन करून हूड गळतो काय तेही विचारावे.